कांद्याच्या चाळीस वारा हवा

आषाढ-श्रावणात चाळीतील कांद्यावर काजळी दिसू लागली की दोष पावसाला दिला जातो. पाऊस लांबला, हवा दमट राहिली, म्हणून कांदा सडला, असा हा सरळ हिशेब असतो. मनाची समजूत घालण्यास तो सोयीचा असला तरी बरोबर नाही. एकाच शिवारात, एकाच पावसाखाली उभ्या असलेल्या दोन चाळींपैकी एकीतील कांदा गणपतीनंतरही खणखणीत निघतो आणि दुसरीतील नागपंचमीलाच वास मारू लागतो, हे खेडोपाडी पाहावयास मिळते. पाऊस दोहोंवर सारखाच पडलेला असतो. फरक कोठे पडला याचा शोध घेतला असता असे आढळते की, बुरशीस लागणारे पाणी आकाशातून कमी आणि खुद्द कांद्यातून अधिक येते. व ते बाहेर पडण्याची वाट पुष्कळदा मालकानेच बंद केलेली असते.

अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, हा पर्जन्यछायेचा मुलूख. पश्चिमेस अकोले तालुक्यातील घाटघर, रतनवाडीचा डोंगरपट्टा सोडला तर पाण्यासाठी आभाळाकडे पाहणारी गावेच येथे अधिक. त्यामुळे बुरशी हा कोकणपट्टीचा रोग, कोरडवाहू नगरास त्याचे काय भय, अशी एक समजूत रूढ झाली आहे. परंतु पाऊस कमी पडणे निराळे आणि हवा कोरडी असणे निराळे. एप्रिल-मेच्या दुपारी येथील हवेतील सापेक्ष आर्द्रता 30 टक्क्यांच्याही खाली उतरते. तीच पावसाळ्यातील सकाळी 80 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही वर चढते. शिवाय जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत पावसाचा खरा जोर परतीच्या वेळी, सप्टेंबरात असतो. म्हणजे कांदा चार महिने साठवणीत राहून थकलेला असतो, नेमका तेव्हाच तो सर्वांत दमट हवेत सापडतो. कांदा सुमारे 65 ते 70 टक्के आर्द्रतेत व 25 ते 30 अंश तपमानात चांगला टिकतो, असे साठवणुकीचे शास्त्र सांगते. जिल्ह्यातील पावसाळी हवा ही मर्यादा दररोज ओलांडते आणि दुपारी ऊन पडले की पुन्हा खाली येते. या चढउतारात चाळीने कोणती बाजू घ्यावी, एवढाच काय तो शेतकऱ्याच्या हातातील प्रश्न आहे.

काजळी म्हणून जी ओळखली जाते ती ॲस्परजिलस नायजर नावाची काळी बुरशी होय. हिचे बीजाणू मातीत, वाळलेल्या पातीत, जुन्या टरफलांत सर्वत्र असतात. शेतातून आलेला एकही कांदा त्यांच्यापासून मुक्त नसतो. तेव्हा बीजाणू येऊच नयेत असा बंदोबस्त करण्याचा विचार व्यर्थ आहे. टरफल कोरडे असेतो ते निपचित पडून राहतात. टरफलावर काही तास ओल टिकली आणि ऊब 30 अंशांच्या वर गेली की ते रुजतात, मानेच्या कापातून किंवा खरचटलेल्या जागेतून आत शिरतात, आणि वरच्या सालीखाली शिरांच्या रेषेने काळी भुकटी धरू लागते. निळी बुरशी दुखावलेल्या कांद्यावर बसते. मुळाकडून सुरू होणारी सड पुष्कळदा शेतातूनच आलेली असते. पाणी सुटून दुर्गंधी येणारी सड हे जिवाणूंचे काम. रोग निरनिराळे असले तरी ओल, ऊब व जखम या तीन गोष्टींवाचून त्यांपैकी बहुतेकांचे काही चालत नाही.

आता ही ओल किती असते ते पाहावे. कांद्यात शंभर भागांत सुमारे 85 ते 88 भाग पाणी असते. काढणीनंतरही तो जिवंत असतो. श्वास घेतो, उष्णता सोडतो, बाष्प टाकतो. 25 टनांच्या चाळीतील माल महिन्याभरात केवळ 4 टक्क्यांनी घटला असे धरले, तर घट एक टन होते. त्यातील फार मोठा भाग पाणी असते. दोनशे लिटरांची पाच पिंपे भरावीत एवढे पाणी एका महिन्यात त्या ढिगातून वाफेच्या रूपाने निघत असते. हे कोणाच्या डोळ्यांस दिसत नाही, म्हणून त्याची दखल घेतली जात नाही. पाऊस आत येऊ नये म्हणून चाळीच्या चारही बाजूंना प्लास्टिकचा कागद घट्ट बांधणारा शेतकरी बाहेरचे चार घागरी पाणी अडवितो आणि आतील पाच पिंपे पाणी कोंडून ठेवितो. पहाटे पत्रा गार पडतो, त्यावर हे बाष्प थेंब होऊन जमते व खालच्या थरावर टपकू लागते. सकाळी वरचा कांदा ओला पाहून पत्रा गळतो असे अनुमान निघते, आणि गळती थांबविण्यासाठी आणखी एक कागद चढविला जातो.

या चुकीचे मूळ जुन्या, आणि तिच्या जागी अगदी योग्य, अशा एका सवयीत असावे. या भागात ज्वारी पेवात ठेवण्याची रीत होती. कठीण मुरमात खणलेल्या पेवास आतून कडब्याचे किंवा भुसकटाचे अस्तर लावीत, खडखडीत वाळलेली ज्वारी भरीत आणि तोंड मातीने लिंपून टाकीत. आतील हवा खेळत नसे, म्हणूनच किडा जगत नसे. पेव उघडल्यावर काही वेळ कोणास आत उतरू देत नसत, याचेही कारण तेच. आत कोंडलेला वायू माणसासही घातक ठरतो. परंतु पेवात बंद होई ते सुकलेले धान्य. कांदा सुकलेला नसतो, त्याची केवळ वरची साल सुकलेली असते. धान्याचा नियम कांद्यास लावणे म्हणजे वाळलेल्या लाकडाप्रमाणे ओल्या फांद्यांची मोळी गोणपाटात गुंडाळून ठेवण्यासारखे आहे.

कांद्याच्या चाळीचे खरे नाते पेवाशी नसून कोकणातील शाकारलेल्या होडीशी आहे. नगरच्या शेतकऱ्यास ही तुलना दूरची वाटेल, पण ती ध्यानात घेण्यासारखी आहे. पावसाळ्यात समुद्र खवळतो. राज्यात यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारीची बंदीही असते. त्यापूर्वी कोळी आपली होडी किनाऱ्यावर ओढून घेतो. सहा महिने खाऱ्या पाण्यात राहूनही जे लाकूड टिकते, ते दोन महिने पावसाच्या गोड्या पाण्यात व कोंदट हवेत राहिले तर कुजू लागते, हे त्यास पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. म्हणून होडीचा तळ भिजट वाळूस टेकू न देता तो ओंडक्यांवर घेतला जातो, आत पाणी साचू दिले जात नाही आणि वर नारळाच्या झापांचे छप्पर उभारले जाते. छप्पर असते, पण वाऱ्यास मज्जाव नसतो. नगर जिल्ह्याच्या कितीतरी पट पाऊस जेथे पडतो, तेथील माणूस लाकडास कोंडून ठेवीत नाही. आणि पर्जन्यछायेतील शेतकरी मात्र श्वास घेणाऱ्या कांद्यास कागदात गुंडाळतो, हे नवल म्हणावे लागेल.

चाळीच्या बांधणीविषयी पुष्कळ माहितीपत्रके निघाली आहेत. राहुरीचे महात्मा फुले कृषि विद्यापीठ व राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालय यांच्या शिफारशी बहुतेक गावी पोहोचलेल्या आहेत, तेव्हा त्यांची उजळणी येथे करण्याचे कारण नाही. मात्र त्यांतील प्रत्येक मापामागे वाऱ्याचाच विचार आहे, ही गोष्ट सांगितली जात नाही, आणि न सांगितल्यामुळे माप मोडताना शेतकऱ्यास काही वाटत नाही. ढिगाची रुंदी चार फूट का? कारण दोन्ही बाजूंनी शिरणारा वारा दोन फुटांपर्यंत सहज पोहोचतो, त्यापुढे तो कांद्यांच्या गर्दीत अडकतो. उंची चार-पाच फुटांवर का थांबवावयाची? कारण वरच्या थराचा भार खालच्या कांद्यास ठेचतो व ठेचलेली जागा म्हणजे बुरशीचे उघडे दार. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला व फटींचा का? कारण खालून आत शिरणारी हवा ढिगातील उष्ण, दमट हवेस वर लोटते. एका ओळीची चाळ दक्षिणोत्तर व दोन ओळींची पूर्व-पश्चिम बांधावी, ही शिफारसही वारा व ऊन यांचा मेळ पाहूनच केलेली आहे.

या सर्वांत तळाची उपेक्षा सर्वाधिक होते. चाळीखालची मोकळी जागा पाहून कोणास तेथे सरपण ठेवण्याचा मोह होतो, कोणास कोंबड्या, कोणास ठिबकच्या जुन्या नळ्यांची वेटोळी. गवत माजते ते निराळेच. अशा रीतीने तळ बुजला की ती चाळ चार भिंतींच्या खोलीहून फारशी बरी राहत नाही. छपराविषयी एवढेच की, नुसता पत्रा दुपारी तापतो व पहाटे घाम धरतो. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात उसाच्या पाचटास तोटा नाही, त्याचा जाड थर पत्र्यावर बांधला तर दोन्ही त्रास कमी होतात. वळचण मात्र पुरेशी पुढे काढलेली असावी. झडीच्या दिवशी वाऱ्याच्या बाजूस कागद सोडण्यास हरकत नाही. पाऊस उघडताच तो गुंडाळून वर बांधला पाहिजे. हे काम दिवसातून दोनदा करावे लागले तरी करावे. एकदा बांधलेला कागद दिवाळीपर्यंत तसाच राहतो, यातच खरी हानी आहे.

तथापि चाळ कितीही उत्तम असली तरी ती शेतातील आळस भरून काढू शकत नाही. खरिपाचा लाल कांदा साठवणीचा नव्हेच. जिल्ह्यात ज्यास गावरान किंवा उन्हाळी म्हणतात तो रब्बीचा कांदाच चाळीत टिकतो, आणि त्यातही एन-2-4-1 सारखा वाण हाताशी असता अनोळखी बियाणे स्वस्त मिळाले म्हणून पेरणे हे पुढे महागात पडते. लागवडीस दोन महिने झाल्यावर दिलेला युरिया कांद्याचा आकार वाढवितो, पण मान जाड करतो. जाड मान लवकर मिटत नाही, आणि न मिटलेली मान म्हणजे चाळीतील पहिली काजळी. काढणीपूर्वी दहा ते पंधरा दिवस पाणी तोडणे, निम्म्या माना पडल्यावर काढणी करणे, एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचे कांदे झाकून तीन ते पाच दिवस शेतात सुकविणे, मानेस सुमारे एक इंच देठ राखून पात कापणे आणि त्यानंतर सावलीत दहा-बारा दिवस ठेवणे, हा क्रम सर्वांस पाठ आहे. अडचण येते ती शेवटच्या पायरीवर. मजूर आजच हजर असतात, ट्रॅक्टर आजच मिळालेला असतो, म्हणून शेतातून थेट चाळीत कांदा ओतला जातो. सावलीतील हे दहा-बारा दिवस म्हणजे चाळीतील पुढील दोन महिने होत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. जोड कांदा, डेंगळा, कापलेला व चेंबलेला कांदा याच वेळी वेगळा निघतो. तो चाळीत जातो तेव्हा एकटा सडत नाही.

2025 सालच्या मे महिन्याने या बाबतीत कठोर परीक्षा घेतली. मोसमी पाऊस त्या वर्षी 26 मे रोजीच मुंबईत पोहोचला आणि त्यापूर्वीही राज्यात अवकाळीने थैमान घातले होते. शेतात पसरलेला कांदा भिजला. अशा वेळी जो भिजला तो आणि जो वाचला तो, दोन्ही एकत्र चाळीत भरण्याचा मोह अनावर होतो, कारण वेगळे केले तर भिजलेला माल मातीमोल भावाने विकावा लागतो. परंतु भिजलेल्या कांद्याचा तोटा तेव्हाच झालेला असतो; तो चाळीत नेल्याने तोटा टळत नाही, तो वाचलेल्या कांद्यापर्यंत पोहोचतो, एवढेच. भिजलेला माल छपराखाली पातळ पसरून वारा द्यावा, वरची साल वाजू लागली तर थोड्या दिवसांकरिता वेगळ्या जागी ठेवावा आणि प्रथम विकावा. यापलीकडे त्यास औषध नाही. काही जण ढिगावर औषधी भुकट्या धुरळतात. खाण्याच्या वस्तूवर, शिफारस नसता, असे काही टाकणे सर्वस्वी गैर आहे. आणि ओल कायम असेतो त्याचा उपयोगही नाही. लासलगाव येथे 2002 साली सुरू झालेल्या विकिरण केंद्रासंबंधीही असाच एक गैरसमज आहे. विकिरणाने कांद्यास कोंब येण्याचे थांबते. ओल्या सालीवरील बुरशी थांबविण्याचे ते साधन नव्हे.

या साऱ्या खटाटोपाचे मोल काय, असे विचारणारे शेतकरी आहेत व त्यांचा प्रश्न रास्त आहे. भाव मिळणार नसेल तर कांदा राखून उपयोग काय? घोडेगाव, नेप्ती, राहाता येथील बाजारांत भाव कसे वरखाली होतात हे त्यांनी अनुभविलेले आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क बसले, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, 2024 च्या मे महिन्यात बंदी उठली, आणि शुल्क पूर्णपणे गेले ते 1 एप्रिल 2025 रोजी. अशा उलथापालथीत भाव कोणाच्याच हाती नसतो. पण नेमक्या याच कारणास्तव चाळीचे महत्त्व वाढते. ज्याचा कांदा निरोगी आहे तो आठ दिवस, महिनाभर थांबू शकतो. ज्याच्या चाळीत वास सुटला आहे त्यास व्यापारी सांगेल त्या भावाने, सांगेल त्या दिवशी गाडी भरावी लागते. जुन्या पद्धतीच्या साठवणीत चार-पाच महिन्यांत वजनातील घट, सड व कोंब मिळून निम्म्याच्या आसपास माल जाऊ शकतो. निम्मा माल गेल्यावर दुप्पट भाव मिळाला तरी हाती जेमतेम पहिलीच रक्कम येते, हे गणित चाळीच्या दारावर लिहून ठेवावे असे आहे.

येथे विस्तार कार्याविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. चाळ बांधण्यास शासकीय अनुदान मिळते, ही इष्ट गोष्ट आहे. अनुदानासाठी चाळीची लांबी-रुंदी मोजली जाते, छायाचित्र काढले जाते, कागद पूर्ण होतो आणि एक चाळ झाली अशी नोंद होते. ही सर्व तपासणी चाळ रिकामी असताना होते! रिकाम्या चाळीत वारा खेळणारच. तिची कसोटी भाद्रपदात, ती भरलेली असताना लागते, आणि त्या वेळी तेथे कोणी जात नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्याने किती चाळी उभ्या राहिल्या याऐवजी किती चाळींतून किती कांदा निरोगी बाहेर आला याचा हिशेब ठेवावयास हवा. त्याकरिता मोठ्या यंत्रणेची गरज नाही. प्रत्येक गावात चार-पाच चाळी निवडाव्यात. भरतेवेळचे वजन, विकतेवेळचे वजन व फेकलेला माल एवढ्या तीन गोष्टी वहीत लिहाव्यात. आर्द्रता दाखविणारे साधे यंत्र आता फार महाग राहिलेले नाही. एक चाळीच्या आत व एक बाहेर टांगले, आणि पावसाने उघडीप दिलेल्या दुपारीही आतील आकडा बाहेरच्याहून पुष्कळ वर राहू लागला, तर कागद वर करण्याची वेळ झाली हे शाळकरी पोरसुद्धा सांगेल. यंत्र नसेल तर ढिगात कोपरापर्यंत हात घालावा. आत ऊब व चिकटपणा लागला तर व्याख्यानाची आवश्यकता उरत नाही.

ढीग मध्येच उपसावा की नाही, यावर जाणत्या शेतकऱ्यांत दोन मते आहेत. काहींचे म्हणणे असे की, कांद्यास हात लावला की साल सुटते व सड वाढते, सबब विक्रीपर्यंत ढीग हलवूच नये. यात तथ्य आहे. चांगल्या चाललेल्या ढिगास केवळ सवय म्हणून उपसणे म्हणजे विनाकारण जखमा करणे होय. पण एखाद्या खणातून वास येत असेल, खाली काळे पाणी ओघळले असेल, तर तेवढा खण आजूबाजूच्या हातभर मालासह काढलाच पाहिजे; आणि तो उघडीप असलेल्या दिवशी, सकाळचे दव ओसरल्यावर काढावा. भर पावसात ढीग उघडू नये. खणाखणांत बांबूच्या ताट्या घालून चाळ भरलेली असेल तर हे काम दोन माणसांचे आहे. सलग भरलेली असेल तर दहा जणांचे होते आणि म्हणून होतच नाही.

काढलेला सडका माल चाळीच्या कडेलाच टाकण्याची वाईट रीत सर्वत्र दिसते. त्या ढिगावरून येणारा वारा बीजाणूंची भुकटी पुन्हा चाळीतच आणतो. निवड करणाऱ्या स्त्रियांच्या नाकातोंडात ही काळी भुकटी जाते, तिने खोकला व दम लागण्याचा संभव असतो. त्यांनी तोंडास पदर किंवा रुमाल बांधूनच हे काम करावे आणि ते मालकाने सांगावे. फुकटचा चारा म्हणून हा कांदा जनावरांपुढे ओतणे तर फारच धोक्याचे. कांदा, मग तो चांगला असो वा सडका, अधिक प्रमाणात खाल्ल्यास जनावराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, लघवी लालसर होते आणि जनावर दगावू शकते. हा माल चाळीपासून व पुढील हंगामात कांदा लावावयाच्या रानापासून दूर खड्ड्यात शेण व मातीच्या थरांत गाडावा. चाळ रिकामी झाली की जुनी टरफले, माती, तुटक्या ताट्या झाडून त्याच खड्ड्यात घालाव्यात, आणि मे महिन्याची वाट न पाहता, तळाखालचे सरपण त्याच दिवशी हलवावे.